रमला रेशन समजणं आता पुरे



फौजेत रम कुणी 'घेत' नाही, ती 'इश्यू' होते. जशी डाळ इश्यू होते, ब्लँकेट इश्यू होतं, तशीच रम. उंचावरच्या पोस्टवर संध्याकाळी एनॅमलचा मग घेऊन लायनीत उभं राहायचं, उस्तादने मापाने ओतलं की वर गरम पाणी घालून दोन घोटांत संपवायचं आणि बुखारीजवळची जागा पकडायची. चव कशी होती असं कुणी विचारलं, तर समोरचा म्हणेल, "चव कसली, रम होती!"

या लेखाचा विषय नेमका तोच आहे. रमला चव असते, आणि जुन्या, पिंपात मुरलेल्या रमला तर फारच चांगली असते. ती आपण ओळखत नाही, कारण आपण रम शिकलो ती रेशन म्हणून. रेशनचा नियम साधा असतो: मिळालं की उचलायचं, उचललं की संपवायचं. पल्टनीत हा नियम चालून जातो, कारण तिथे माप उस्तादच्या हातात असतं. पेन्शन आल्यावर माप आपल्या हातात येतं, नियम मात्र तोच राहतो. महिन्याचा कोटा स्मार्ट कार्डावर उचलायचा आणि महिन्याच्या आत संपवायचा. गावोगावच्या निवृत्त मित्रांच्या घरी मी हे बघतो आणि मला ते खटकतं. म्हणून आज थोडं सविस्तर.

आधी रेशनचा इतिहास. सैन्याला रम वाटायची पद्धत आपण ब्रिटिशांकडून घेतली. त्यांच्या नौदलात प्रत्येक खलाशाला रोज रम मिळे. खलाशी ती साठवून एकदम पितात आणि झिंगतात, म्हणून १७४० मध्ये अॅडमिरल व्हर्नन यांनी तीत पाणी मिसळूनच द्यायचा हुकूम काढला. 'ग्रॉग' हा शब्द तिथून आला. पुढे माप कमी कमी होत गेलं आणि ३१ जुलै १९७० रोजी त्या नौदलाने रोजची रम बंद केली. आधुनिक यंत्रांवर काम करणाऱ्या माणसाचं डोकं दुपारी ताळ्यावर हवं, हे त्यांना पटलं होतं. ज्यांनी ही पद्धत जगभर नेली त्यांनी ती सोडून अर्धशतक उलटलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या कँटीनच्या बाटलीवरही त्या काळाची एक खूण उरली आहे. लेबलवर '४२.८ टक्के' आणि '२५ यू.पी.' असं असतं. नवा रंगरूट त्याचा अर्थ 'उत्तर प्रदेश' लावतो आणि उस्ताद त्याला लावू देतो. खरं म्हणजे ते 'अंडर प्रूफ' आहे. बंदुकीची दारू रममध्ये भिजवून पेटवायची, पेटली तर रम 'प्रूफ', अशी जुन्या काळच्या परीक्षेची गोष्ट सांगतात. ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के अल्कोहोल. त्याच्या २५ अंश खाली गेलं की ७५ प्रूफ, म्हणजेच आपलं ४२.८. एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत आहे, पण लेबल वाचतो कोण? आपण बाटली मोजतो.

आता ती बाटली येते कुठून ते बघू. हे आपल्या मराठी माणसाला तरी ठाऊक हवं, कारण सुरुवात आपल्याच शेतात आहे. एक टन ऊस गाळला की साखर निघून गेल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. त्या मळीत पाणी आणि यीस्ट घालून आंबवलं आणि ऊर्ध्वपातन केलं की ढोबळमानाने १० लिटर अल्कोहोल मिळतं. म्हणजे एका टन उसामागे ४२.८ टक्क्यांच्या तीसेक बाटल्या. पण ही झाली कोरी, पाण्यासारखी पांढरी रम. जुनी रम व्हायची तर तिला ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं झोपावं लागतं. लाकूड तिला रंग देतं, व्हॅनिलासारखा वास देतं, थोडा तुरटपणा देतं आणि तिची धार मारतं.

या झोपेची किंमत असते. पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास असतो, आपल्या बंगळुरूसारख्या हवेत १० टक्क्यांच्या वर जातो. १० टक्केच धरा. सात वर्षांनी निम्म्याहून कमी उरतं, बारा वर्षांनी जेमतेम पाव हिस्सा. आपल्या त्या तीस बाटल्यांच्या पंधरासुद्धा राहत नाहीत. मात्र उष्णतेमुळे लाकडाचा गुणही लवकर उतरतो, त्यामुळे आपल्याकडची सात वर्षं थंड देशातल्या सात वर्षांपेक्षा बरीच मोठी असतात. इतकी वर्षं वाट पाहून तयार झालेली वस्तू आपण कोल्यात बुडवून एका दमात संपवतो. मला हे शेतकऱ्याचा आणि डिस्टिलरीतल्या माणसाचा, दोघांचाही अपमान वाटतो.

कुणी म्हणेल, "साहेब, रमला काय चाखायचं? ती जवानाची दारू. चाखायची ती व्हिस्की." हा समज आपल्याकडे हुद्द्यांतून आला. ऑफिसर्स मेसमध्ये व्हिस्की, लंगरात रम. मग बढती मिळाली की माणूस फीत लावल्यासारखी व्हिस्की धरतो. पण भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त बाटल्यांचा पाया मळीपासून केलेलं स्पिरिटच असतो. युरोपात त्यांना व्हिस्की म्हणून विकायची परवानगी नाही, कारण तिथल्या नियमाने व्हिस्की धान्याचीच हवी. रम सोडून ती व्हिस्की धरणारा माणूस उसाचंच पितो, फक्त ते कबूल करत नाही. त्यापेक्षा उघड उघड उसाची असलेली, पिंपात सात वर्षं काढलेली रम अधिक प्रामाणिक.

आणि ही परंपरा आपल्याला परकी तरी कुठे आहे? गुळापासून केलेल्या मद्याला संस्कृतात 'गौडी' म्हणत, मनुस्मृतीत तिचा उल्लेख आहे (अर्थात, पिऊ नये असं सांगायलाच). 'पंच' हे नाव आपल्या 'पाच'वरून, त्यातल्या पाच जिनसांवरून पडलं असंही सांगितलं जातं. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ पासून आहे. अलीकडे तर बरंच काही घडतं आहे. बंगळुरूच्या अमृतने 'टू इंडीज' काढली, तीत कॅरिबियन रमबरोबर आपल्या गुळाची रम आहे. हरियाणातल्या इंद्रीहून २०२२ मध्ये 'कामिकारा' आली, ती मळीऐवजी थेट उसाच्या रसाची आणि बारा वर्षं मुरलेली. हे नाव संस्कृत 'चामीकर'वरून घेतलं आहे, म्हणजे सोनं. गोव्यात 'मका जाय' आहे, कोकणीत 'मला हवं'.

आणि आपला ऊसपट्टा? देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभा राहिला. आज कारखान्याला लागून डिस्टिलरी दिसते, पण तिथलं अल्कोहोल जातं पेट्रोलमध्ये आणि देशी दारूत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण कोल्हापूर, सांगली, नगरच्या नावाची एक जुनी रम जगाच्या बाजारात असावी, असं आपल्यातल्या कुणालाच का वाटत नाही? मला वाटतं, कारण आपण स्वतःच तिला हलकी समजतो.

आता चाखण्याबद्दल. यात काही मोठी विद्या नाही.

ग्लास छोटा घ्या, काचेचा, तोंडाशी निमुळता. वास वर गोळा होतो. स्टीलच्या पेल्यात वास कळत नाही. माप ३० मिलि, म्हणजे एक छोटा पेग. बर्फ नको, बर्फाने वास मरतो. पण मे महिन्यात नागपूरला 'खोलीच्या तापमानाला' असा हट्ट धरू नका, तिथे बाटली थोडी गार करून घ्या. ओतल्यावर दहा मिनिटं नुसती ठेवा. मग ग्लास नाकाखाली धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हलका वास घ्या. खोल श्वास घेतलात तर अल्कोहोल नाकाला झोंबेल आणि बाकी काही कळणार नाही.

पहिला घोट अगदी लहान. तो फक्त तोंडाला ओळख करून देण्यासाठी. चव दुसऱ्या घोटापासून कळते. तेव्हा चार थेंब पाणी घाला, वास मोकळा होतो. कशाकशाची आठवण होते ते शोधा. काकवी, जुना गूळ, खजूर, सुकं अंजीर, जायफळ, भाजलेले शेंगदाणे, सागवानी कपाट उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास. गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्या माणसाला यासाठी परदेशी पुस्तक लागत नाही. नाक तयारच असतं, फक्त त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

रंगावर जाऊ नका. गडद रंग जळक्या साखरेनेही देता येतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवा. मुरलेल्या रमच्या ग्लासला सकाळी लाकडाचा, गुळाचा सुंदर वास येतो. नुसत्या रंग-वासाच्या रममागे चिकट गोडसर काहीतरी उरतं, नाहीतर काहीच नाही.

सोबतीला तिखट फरसाण नको, आणि तांबडा रस्सा तर नकोच. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की तोंडात नुसती आग, चव शून्य. शेंगदाण्याची चिक्की, संत्र्याच्या फोडी, तव्यावर भाजलेला अननस, कडवट चॉकलेट, यातलं काहीही चालेल. आणि प्रत्येक ग्लासशेजारी पाण्याचा मोठा ग्लास हवाच.

आणखी एक. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली बाटली बरेच जण कपाटात जपून ठेवतात, 'दिवसेंदिवस जुनी होते आहे' म्हणून. रम मुरते ती पिंपात. बाटलीत भरली की तिचं वय थांबतं. सात वर्षांची रम वीस वर्षं कपाटात ठेवली तरी सात वर्षांचीच. आणि एकदा उघडून थोडी उरवलीत तर हवेने तिचा वास उतरत जातो. तेव्हा ठेवायची ती आठवण म्हणून ठेवा, उन्हापासून दूर, उभी.

आता वाढण्याबद्दल, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

३० मिलि रममध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीराला ते निस्तरायला तास-दीड तास लागतो. 'पटियाला' म्हणून हसत हसत १२० मिलि ओतणारा यजमान पाहुण्याच्या यकृताला पाच-सहा तासांची ड्यूटी लावत असतो. दारूगोळा इश्यू करताना आपण राऊंड मोजून देत होतो आणि मोजून परत घेत होतो. मग इथेच अंदाजाने का ओतायचं? घरात मापाचा पेला ठेवा आणि पाहुण्यासमोर वापरा. त्यात कंजुषी नाही.

आग्रह जेवणात शोभतो, तोही बेताचा. पेगमध्ये आग्रह नको. बड्या खान्याच्या रात्री कुणी तरी नव्या पोराला गराडा घालतं, "फौजी असून घेत नाहीस?" पोरगं वारकरी घरातलं असतं, गळ्यात माळ असते, नाहीतर बापाचं पिणं बघून त्याने शपथ घेतलेली असते. सगळ्यांसमोर नाही म्हणायला त्याला जी हिंमत लागते, ती त्या गराड्यातल्या कुणाकडेही नसते. माझ्या एका पोस्टिंगवर एक सुभेदार साहेब होते. अशा वेळी ते स्वतः उठून त्या पोराच्या हातात लिंबू सरबताचा ग्लास द्यायचे आणि सगळ्यांच्या आधी त्याच्याशी ग्लास भिडवायचे. मग पुढे कुणाची बोलायची टाप नसे. वाढणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ओल्ड मंकचं नाव घरोघरी नेणारे ब्रिगेडियर कपिल मोहन स्वतः दारू घेत नसत, हेही अशा गराड्याला सांगायला उपयोगी पडतं.

आता तो सर्वांत जुना गैरसमज: 'थंडीत रम गरमी देते.' देत नाही. अल्कोहोलने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं ऊबदार रक्त कातडीपाशी येतं, म्हणून गरम वाटतं. तीच ऊब लगेच बाहेर निघून जाते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. कुडकुडणं कमी होतं, म्हणजे शरीराचा स्वतःचा हीटरही मंदावतो. बोटं बधिर झाली तरी समजत नाही. उंचीवर तर आणखी धोका, कारण डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही उंचीच्या आजाराची लक्षणं 'काल जास्त झाली' म्हणून झटकली जातात. म्हणूनच उंचावर जाताना अक्लमटायझेशनच्या टप्प्यांत, पहिल्याच टप्प्याचे सहा दिवस असतात त्यातही, डॉक्टर दारूला हात लावू देत नाहीत. लेह-लडाखला सहलीला जाणाऱ्या सिव्हिलियन नातेवाइकांना आपणच हे सांगायला हवं. ते मात्र आपल्यालाच विचारतात, "काका, तिकडे थंडीत रम न्यायची ना?" माजी सैनिकाने हसून 'हो' म्हटलं की त्यांच्यासाठी तो डॉक्टरचा सल्ला होतो. सर्दी-खोकल्यावर लहान मुलांना चमचाभर देणाऱ्या घरांबद्दल तर काय बोलावं. ते औषध नाही, बंद करा.

कोट्याचंही बोललंच पाहिजे. ती बाटली स्वस्त मिळते, कारण ती सैनिकासाठी आहे. ती विकणं गुन्हा आहे. आणि फिटिंगवाला, कारकून, गल्लीतला पुढारी यांना 'कँटीनची' देऊन कामं काढणं हे माझ्या मते वर्दीची किंमत बाटलीवर लावणं आहे. बिहार, गुजरातमध्ये, आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिकडे लग्नाला जाताना डिकीत दोन बाटल्या टाकणारा एखादा माजी सैनिक पकडला गेला, तर बातमीत त्याचं नाव शेवटी येतं, 'माजी सैनिक' आधी. महिन्याचा कोटा हा हक्क आहे, हुकूम नाही. तो न उचलल्याबद्दल कुणाची पेशी लागत नाही.

काही मित्र म्हणतील, एवढं सगळं सांगण्यापेक्षा पिऊच नका असं सांगा. त्यांचा मुद्दा खोटा नाही. आरोग्याच्या दृष्टीने दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. जो घेत नाही त्याने हा लेख वाचून सुरू करू नये. ज्याला यकृताचा, साखरेचा, रक्तदाबाचा त्रास आहे, त्याने डॉक्टरला विचारावं, मला नाही. आणि ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याच्यासाठी चाखण्याचा धडा नाहीच. त्याने एकदम सोडण्याचा शूरपणाही एकट्याने करू नये, त्यात फिट येऊ शकते. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मोकळेपणाने सांगावं. गोळी लागलेला जवान आरएपीत जायला लाजत नाही, मग इथे लाज कसली?

पण जे घेतात आणि घेत राहणार आहेत, त्यांना मी 'चाखा' म्हणतो, कारण चाखणारा माणूस कमी पितो. ३० मिलिला अर्धा तास लावणाऱ्याला चौथ्या पेगची गरज पडत नाही. त्याला बाटली संपवायची घाई नसते, कारण त्याला ती आवडलेली असते. रेशनवाला मात्र चवीसाठी पीतच नाही, त्यामुळे थांबायचं कुठे हे त्याला जीभ सांगत नाही. महिन्याला चार बाटल्या संपवण्यापेक्षा वर्षाला दोन चांगल्या घ्या. खर्च तेवढाच राहील किंवा कमीच होईल, आणि घरातली माणसंही तुमच्याजवळ बसतील.

पुढच्या वेळी जुना बडी घरी आला की टीव्ही बंद करा, मापाचा पेला काढा, पाण्याचे ग्लास भरा, चिक्कीची बशी ठेवा. तो घेत नसेल तर सरबत करा आणि त्याच्याशी आधी ग्लास भिडवा. आणि बाटली उघडण्याआधी एकदा लेबल वाचा.

जय हिंद.